दारू भरतात

नोकरीत हाताळलेली बहुतेक प्रकरणे मला आता गुन्हा रजिस्टर नंबरानेसुद्धा सांगता येत नाहीत. हे एक प्रकरण मात्र एका क्रियापदामुळे लक्षात राहिले आहे. कोणाचेही नाव देत नाही. त्यातली माणसे अजून पनवेल परिसरातच राहतात आणि मीही इथेच राहतो.

तेव्हा मी एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. विमानतळासाठी डोंगर फोडण्याचे काम जोरात चालू होते. दिवसातून दोन-तीन वेळा सुरुंगाचे आवाज येत. खिडक्यांची तावदाने हादरत आणि लोक पुन्हा आपापल्या कामाला लागत. मोठ्या आवाजाची आम्हा सगळ्यांना सवय झाली होती, बारीक आवाजाकडे कोणी लक्ष देत नसे.

माझी एक सवय होती. ठाणे दैनंदिनीवर, म्हणजे स्टेशन डायरीवर सही करण्यापूर्वी मी प्रत्येक ओळ वाचत असे. पन्नास-साठ नोंदी असल्या तरी वाचत असे. एका सकाळी आदल्या दिवसाची नोंद समोर आली. अनोळखी महिलेचा फोन. विचुंब्याच्या अलीकडच्या वस्तीत एका मिस्त्रीच्या घरी दारू भरतात, माणसे येऊन घेऊन जातात, लवकर या. पुढे शेरा होता: बीट हवालदार यांनी भेट दिली, अवैध दारू मिळून आली नाही, तक्रारीत तथ्य नाही.

मी हवालदाराला बोलावले. तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, बीटमधले प्रत्येक घर ओळखणारा आणि तोंडाने जरा फटकळ होता. मिस्त्री म्हणजे तळोज्याच्या एका कारखान्यातून टूलरूम फिटर म्हणून निवृत्त झालेला गावचाच माणूस, असे त्याने सांगितले. बायको वारलेली. घरात तो आणि एक मुलगी.

"तोंडाचा वास घेतला साहेब. तो माणूस चहासुद्धा पीत नाही. फोन कोणी तरी खुन्नस म्हणून केलाय."

मी विचारले, फोनवर नेमके काय शब्द होते? ठाणे अंमलदाराने ऐकले तसेच लिहिले होते: "दारू भरतात." मला तो शब्द खटकला. दारू गाळतात, विकतात, पितात, पकडतात. हातभट्टीबद्दल तक्रार करणारी बाई 'गाळतात' म्हणेल. हवालदार म्हणाला, बाटल्यांत भरत असतील, बनावट माल असेल. बाटल्या दिसल्या का? एकही नाही. मग घरात पाहिले तरी काय?

तो आठवू लागला. माळ्यावर काम करायचे टेबल. त्यावर सोनाराकडे असतो तसला काट्याचा छोटा तराजू. शेजारी दांडा असलेले एक लोखंडी यंत्र, लिंबू पिळायच्या यंत्रासारखे पण उभे. आणि एका पत्र्याच्या डब्यात लाल-हिरव्या पुंगळ्या. त्याला वाटले, दिवाळीच्या माळा करायच्या असतील.

पुंगळी म्हणजे झाडलेल्या काडतुसाचे रिकामे टरफल. हा शब्द हवालदाराने नोकरीत शंभर वेळा पंचनाम्यात लिहिला होता. पण तो दारू शोधायला गेला होता, म्हणून त्याला तीच पुंगळी फटाक्याची दिसली. मी 'काडतूस' हा शब्द उच्चारला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मराठीत दारू दोन प्रकारची असते आणि आमच्या ठाण्याला त्यातली एकच माहीत होती.

घाईने छापा घालायचा नाही असे मी ठरवले. आधी आकडे जमवायचे. ठाण्याच्या शस्त्र परवाना नोंदवहीत त्या घराच्या पत्त्यावर एक परवाना सापडला. तो मिस्त्रीच्या नव्हे, मुलीच्या नावावर होता. वय सव्वीस, खेळाडू, बारा बोरची दुनळी बंदूक. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायच्या स्पर्धेत ती भाग घेते, असे परवान्याच्या अर्जासोबतच्या पत्रात होते.

इथे माझा संशय वाढला. खेळाडूच्या नावावर परवाना, बाप फिटर, माळ्यावर काडतुसे भरायचे यंत्र आणि माणसे येऊन घेऊन जातात. कोणती माणसे? आमच्या हद्दीत जमिनीचे भाव वाढल्यापासून दर दुसऱ्या बिल्डरभोवती चार माणसे फिरत होती. मुलगी पदकांच्या आडून माल पुरवते की काय, असेही माझ्या मनात आले. आज ते लिहिताना बरे वाटत नाही, पण आले होते.

जुन्या पनवेलमध्ये एक परवानाधारक बंदूक-काडतूस विक्रेता होता. साध्या कपड्यात त्याच्याकडे गेलो. दुकानात काचेची कपाटे होती आणि त्यातली निम्मी रिकामी होती. तो म्हणाला, बाहेरच्या देशातला माल येणे जवळजवळ थांबले आहे, आपल्याकडचा माल कारखान्यातून येईल तेव्हा येतो. तबकड्यांचे खेळाडू एका दिवसाच्या सरावात चार डबे उडवतात आणि तो महिन्याला एक डबा देऊ शकतो. डब्यात पंचवीस काडतुसे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे शेतकरी दहा मागतात, त्यांनाही पाचच मिळतात.

मी विचारले, पुढे तरी मिळतील का?

"साहेब, मी गिऱ्हाइकाला तारीख देत नाही. नंबर देतो."

त्याने प्रतीक्षा यादीची वही दाखवली. मुलीचा नंबर एकतिसावा होता. जूनपासून तिला चार डबे मिळाले होते, म्हणजे शंभर काडतुसे. क्लबच्या कोट्यातून आणखी पन्नास. एकूण दीडशे.

तिथून मी सरावाच्या रेंजवर गेलो. तिथे प्रत्येक खेळाडूने झाडलेल्या काडतुसांची नोंद होते. जूनपासून मुलीने तीनशे नाही, चारशे नाही, चारशे साठ काडतुसे झाडली होती. दीडशे विकत घेतलेली आणि चारशे साठ झाडलेली. तीनशे दहाचा फरक. रेंजवरच्या प्रशिक्षकाने आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या पंधरवड्यापासून मुलगी सरावाला आलीच नव्हती. शेवटच्या दिवशी तिचा एक बार अगदी बारीक आवाजात उडाला. तिने स्वतःच हात वर करून सराव थांबवला, बंदूक उघडली, नळी तपासली आणि घरी गेली. निवड चाचणीला सव्वा महिना होता. अशा वेळी खेळाडू सराव बंद करत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पंच, महिला पोलीस शिपाई आणि हवालदार यांना घेऊन मी मिस्त्रीच्या घरी गेलो. विटांचे दुमजली घर, खाली स्वयंपाकघर, त्याच्या बरोबर वर माळा. गॅसवर भात शिजत होता आणि वरच्या लाकडी तक्तपोशीवर डब्यात बंदुकीची दारू होती. भिंतीला भिंत लावून शेजारचे घर. मी पहिल्यांदा गॅस बंद करायला सांगितला.

मिस्त्री घाबरला नाही. उंच, सडपातळ माणूस, बनियनवर शर्ट चढवत खाली आला. त्याने स्वतःच माळा दाखवला. सगळे कसे जागच्या जागी होते. यंत्र पुसलेले, डब्यांवर चिठ्ठ्या, आणि एक वही. एका जुन्या शिकाऱ्याच्या घरच्यांनी तो वारल्यावर यंत्र, दारू आणि पाचशे टोप्या याला देऊन टाकल्या होत्या. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी आणि घोड्याचा मार बसताच ठिणगी देणारी छोटी वाटी. टोपीशिवाय काडतूस नाही. त्यामुळे टोप्या मोजल्या की काडतुसे मोजली.

"पोरीसाठी भरली. बाजारात नाय मिलत, तर काय करायचा? तिनं काय झाडू मारून नेम शिकायचा?" तो म्हणाला.

स्वतःच्या सरावापुरते काय चालते आणि काय नाही, याचे नियम मी आदल्या रात्री तीनदा वाचले होते. घरात एवढी दारू विनापरवाना ठेवणे त्यात बसत नव्हते आणि दुसऱ्याला भरून देणे तर कुठल्याच वाचनात बसत नव्हते. मी पंचांसमक्ष टोप्या मोजायला लावल्या. एकशे वीस निघाल्या. बॉम्बशोधक पथकाला बोलावून दारू सुरक्षित हलवली. यंत्र, तराजू आणि वही जप्त केली. मुलगी आतल्या खोलीच्या दाराशी उभी होती. तिने बॅगेतून दहा काडतुसे काढून महिला शिपायाच्या हातात दिली आणि म्हणाली, हीसुद्धा त्यातलीच आहेत.

ठाण्यात बसून मी हिशेब मांडला. मुलीसाठी भरलेली तीनशे वीस: तीनशे दहा झाडलेली आणि दहा बॅगेतली. शिल्लक टोप्या एकशे वीस. बेरीज चारशे चाळीस. पाचशेतून साठ कमी.

वहीत त्या साठांची नोंद होती. "ओलाव्याने बाद – ६०."

मी मागची पाने पुन्हा चाळली. बाकीची वही तारीखवार होती. आज अठरा भरली, आज बावीस, आज पाऊस म्हणून काम नाही. बाद झालेल्या पुंगळ्या एकेक करून लिहिल्या होत्या: एक वाकडी, दोन चिरलेल्या. आणि ही एकच ओळ गोल आकड्याची, दुसऱ्या पेनाने लिहिलेली होती. खरे नुकसान कधी गोल आकड्यात होत नाही आणि एका दिवशी होत नाही.

मिस्त्रीला समोर बसवले. साठ कुठे गेल्या? बाद झाल्या. बाद झालेल्या कुठे आहेत? टाकल्या. मी म्हणालो, तुम्ही वाकडा खिळासुद्धा डब्यात ठेवणारा माणूस, साठ टोप्या कुठे टाकल्या? तो म्हणाला, खाडीत. कोणत्या खाडीत, कोणाबरोबर गेलात, कशाने गेलात, हे तीन प्रश्न मी तीन वेगवेगळ्या वेळी विचारले. तीन वेगवेगळी उत्तरे आली. चौथ्या वेळी तो गप्प झाला आणि मग दोन तास गप्पच राहिला. हवालदाराने चहा मागवला. मिस्त्रीने तो घेतला नाही. हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, हा कोणाला तरी शब्द देऊन बसलाय साहेब, असा माणूस मारूनसुद्धा बोलत नाही. मारण्याचा प्रश्नच नव्हता. पण निरीक्षण बरोबर होते.

मी मुलीला जबाबासाठी बोलावले. महिला शिपाई शेजारी बसली. मी फोनची नोंद तिच्यासमोर ठेवली आणि विचारले, हा आवाज कोणाचा असेल? तिने नोंद वाचली, हवालदाराचा शेरा वाचला आणि पहिल्यांदाच तिला राग आलेला दिसला.

"मी केला होता फोन. तुमचे हवालदार आले आणि बाबांच्या तोंडाचा वास घेऊन गेले."

मी म्हणालो, तुम्ही बंदुकीची दारू असे का नाही सांगितले?

ती थोडी गोंधळली. तिला प्रश्नच समजला नव्हता. मग म्हणाली, "आमच्या घरात दारू म्हणजे तीच, साहेब. दुसरी कधी आलीच नाही."

मी लिहून घेऊ लागलो. रेंजवरचा तो बारीक आवाज ऐकल्यावर तिला कळले होते की त्या काडतुसात दारू कमी पडली आहे. अशा वेळी आतला माल नळीतच अडकतो, आणि ते न बघता वर दुसरे काडतूस झाडले की नळी फुटते, हात जातो, डोळा जातो. तिला हे शिकवलेले होते म्हणून ती थांबली. पण बापाने तशाच हाताने भरलेली काडतुसे तीन माणसे पिशवीतून घेऊन गेली होती. शेतकरी दिसत होते. नावे तिला ठाऊक नव्हती. तिने बापाला विनवले, भांडली, जेवण सोडले. तो म्हणाला, माझ्या हातून कधी चूक झाली आहे का? बेचाळीस वर्षांत माझ्या हातचा एक जॉब कारखान्यातून परत आला नाही.

"मग या वेळी चूक का झाली, असे तुम्हाला वाटते?"

"बाबा पेपर वाचत नाहीत आता," ती म्हणाली. "वाचल्यासारखं करतात. पान उलटतात."

आता मला ठाऊक झाले होते की वेळ मोजकाच आहे. भात लोंबीला आले होते. रानडुकरे संध्याकाळी शेतात उतरतात. ती साठ काडतुसे आता वापरली जाणार होती, आणि त्यातले कोणते काडतूस बारीक आवाज करणार हे कोणालाच माहीत नव्हते. मुलीला मी शब्द दिला की फोनचे बापाला कळणार नाही. तिने तो मागून घेतला.

जप्त केलेला तराजू मी पंचांसमोर टेबलावर ठेवला. मिस्त्रीला समोर बसवले. त्याच्या मुलीच्या बॅगेतले एक काडतूस पारड्यात ठेवले आणि विचारले, काटा कुठे आहे? त्याने क्षणभर पाहिले आणि आकडा सांगितला. दोन्ही पंचांनी आणि हवालदाराने आकडा स्वतंत्रपणे वाचून कागदावर लिहिला. तिघांचाही आकडा सारखा होता. मी दुसरे काडतूस ठेवले, मग तिसरे. प्रत्येक वेळी काटा वेगळ्या रेघेवर थांबत होता आणि तिन्ही वेळा मिस्त्रीने एकच आकडा सांगितला. जो यायला हवा होता, तो.

मी पंचांचे कागद त्याच्याकडे सरकवले. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला, मग खिडकीकडे तोंड करून धरला. असा माणूस मी खोटे बोलताना पाहिला होता. मान्य करताना पाहिला नव्हता. त्याने कागद खाली ठेवला आणि टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला, धार बघावी तसा.

"किती फरक हाय?" त्याने विचारले.

मी सांगितले.

"मंग लिवून घ्या नावं."

शिरढोणच्या पलीकडच्या गावातले तीन शेतकरी. त्याच्या आईच्या माहेरचे. तिघांकडेही शेतीसंरक्षणाचा परवाना आणि एकनळी बंदूक. प्रत्येकाला वीस काडतुसे दिली होती. बदल्यात काय घेतले? एकाने दोन पायली वाल दिले होते आणि एकाने येत्या थंडीत पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या जेवणाला, बोलावले होते. तिसरा नुसताच रामराम करून गेला. बिल्डरच्या माणसांविषयी मी जे काही मनात रचले होते, ते सगळे दोन पायली वालांवर येऊन थांबले.

गाडी घेऊन घरोघर गेलो असतो तर काडतुसे विहिरीत गेली असती. म्हणून तिघांना तातडीच्या शस्त्र व परवाना तपासणीला, बंदूक आणि काडतुसांसह, ठाण्यात बोलावले. रात्रीच निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत तिघे आले. पहिला विचारत होता, निवडणूक लागली काय, बंदुका जमा करायला? त्याच्याकडची वीसच्या वीस शिल्लक होती. महागाची वस्तू म्हणून त्याने एकही झाडले नव्हते. दुसऱ्याकडे सतरा आणि तीन पुंगळ्या. तिसऱ्याकडे तेरा काडतुसे, पाच पुंगळ्या आणि बंदूक नाही.

मी बेरीज केली. पन्नास आणि आठ. दोन कमी.

बंदूक कुठे आहे? दुरुस्तीला दिली. कोणाकडे? नाव आठवत नव्हते. हवालदार त्याच्या शेजारी बसला आणि त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याने शांतपणे सांगितले की ही काडतुसे नळी फोडू शकतात. त्या माणसाचा रंग बदलला.

"भाऊ बसलाय मचाणावर. राखणीला. बंदूक त्याच्याकडं हाय, दोन काडतुसं पण." मग लगेच म्हणाला, "परवाना माझा हाय, तो नुसता बसलाय."

दुसऱ्याच्या हातात बंदूक देणे हाही गुन्हाच होता. तो नंतर बघू म्हटले. फोन लावला तर भावाचा फोन घरीच राहिला होता. आम्ही तिसऱ्याला गाडीत घेऊन निघालो. गोवा महामार्गावर कंटेनरची रांग लागली होती. हवालदाराने खिडकीतून हात काढून लोकांना शिव्या घातल्या. मी त्याला थांबवले नाही. शेताच्या बांधावर पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते, पण उजेड होता. बांबूच्या मचाणावर एक माणूस बसलेला दिसला. बंदूक मांडीवर होती आणि नळी भाताच्या दिशेने.

खाकी कपडे पाहिल्यावर तो उभा राहिला. आम्ही त्याला दुसऱ्याची बंदूक बाळगल्याबद्दल धरायला आलो, असे त्याला वाटले. पळावे की उभे राहावे हे त्याला ठरवता येत नव्हते. अशा वेळी पोलिसाने ओरडू नये. मी गाडीजवळच थांबलो आणि त्याच्या भावाला पुढे पाठवले. भाऊ बांधावरून चालत गेला आणि खालूनच म्हणाला, "बंदूक खाली ठेव रं. उडवू नको. काय नाय करीत ते."

त्याने बंदूक मचाणावर ठेवली आणि उतरला. हवालदाराने वर जाऊन बंदूक उघडली. आत एक काडतूस होते. दुसरे कुठे आहे? त्या माणसाने खिशातून पुंगळी काढून दिली. दुपारी एक डुक्कर दिसले होते, म्हणून घोडा ओढला होता.

"उडाला नाय, सायब. फुस्स झाला नुसता. म्हणून दुसरा घातला."

हवालदाराने काडतूस काढून नळी उजेडाकडे धरली आणि एका डोळ्याने आत पाहिले. मग ती माझ्याकडे दिली. मीही पाहिले. नळीतून उजेड दिसत नव्हता.

साठ पुरे झाले.

गुन्हा दाखल केला. मिस्त्रीला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयाने जामीन दिला. तिन्ही शेतकऱ्यांचे जबाब नोंदवले, बंदुका जमा करून घेतल्या. आता राहिला मुलीच्या परवान्याचा अहवाल. बेकायदा भरलेली तीनशे दहा काडतुसे तिने झाडली होती, हे मला लिहिणे भाग होते. तेवढ्यावर परवाना निलंबित होणार हेही ठरलेले होते. मी तिला बोलावून सांगितले की त्याच अहवालात मी आणखी एक वाक्य लिहू शकतो: खबर हिनेच दिली आणि त्यामुळे जीवितहानी टळली. त्या वाक्याने तिचा परवाना कदाचित वाचला असता. निवड चाचणीला एक महिना होता. सहा वर्षांची मेहनत होती.

तिने विचारले, तो अहवाल न्यायालयात बाबांच्या वकिलाला मिळेल का? मी म्हणालो, मिळू शकतो.

"मग नको."

मी तिला एक दिवस विचार करायला सांगितले. ती म्हणाली, विचार फोन करण्याआधीच झाला होता. मी अहवालात "गोपनीय बातमीदाराकडून" एवढेच लिहिले. परवाना निलंबित झाला. चाचणी तिच्याशिवाय झाली.

जामिनाच्या अटीप्रमाणे मिस्त्री दर सोमवारी ठाण्यात हजेरीला येत असे. मधल्या काळात मुलीने त्याच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर तो आला तेव्हा त्याने हजेरी वहीत आपले नाव शोधायला कोणाची मदत घेतली नाही. जाताना माझ्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, शेतकऱ्याच्या भावाचा जीव वाचला, ते बरे झाले, शिक्षा होईल ती मी भोगीन. पण फोन कोणी केला ते सांगा. मी म्हणालो, ते आम्ही सांगत नाही. तो म्हणाला, तुमी नका सांगू, मला माहीत हाय. आणि त्याने शेजाऱ्याचे नाव घेतले. मधल्या भिंतीवरून दोघांत पूर्वी एकदा वाद झाला होता. मी मान हलवली नाही, नाकारलेही नाही. एकाला नाकारले असते तर त्याने दुसऱ्याचे नाव घेतले असते, आणि नावे संपत आली असती की शेवटी एकच उरले असते.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. गेल्या वर्षी नवीन पनवेलच्या भाजी बाजारात ती मुलगी भेटली. तिनेच हाक मारली. परवाना परत मिळाला होता, पण काडतुसे मिळत नव्हती. विक्रेत्याच्या यादीत आता तिचा नंबर बावन्नावा होता. एका शाळेत ती मुलांना हवेच्या बंदुकीने नेम शिकवते. छर्रे मुबलक मिळतात, ती हसून म्हणाली. आपल्याकडे हा खेळ पुढे चालायचा असेल तर छर्‍यावरच चालेल. मिस्त्रीला दंड आणि न्यायालय उठेपर्यंत शिक्षा झाली होती. तब्येत ठीक होती.

मी विचारले, बाबा शेजाऱ्यांशी बोलतात का?

"नाही. शेजारच्या काकांच्या मुलाच्या लग्नालाही गेले नाहीत. चाळीस वर्षांचा शेजार."

मी म्हणालो, आता सांगून टाका. खटला संपला, शब्द मी दिला होता, तुमच्यावर त्याचे बंधन नाही.

"सांगितलं, साहेब. दोन वर्षं झाली." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्यांना खरं वाटत नाही. म्हणतात, काकांना वाचवायला पोलिसांनी तुला पढवलंय."

तपास कसा करावा हे मला खात्याने शिकवले. नोंद शब्दशः घ्यावी आणि शब्दशः वाचावी, गोल आकड्यावर विश्वास ठेवू नये, माणसाने काय पाहिले यापेक्षा तो काय शोधायला गेला होता ते आधी विचारावे. हे सगळे या प्रकरणात उपयोगी पडले आणि ते मी नव्या अधिकाऱ्यांना सांगत आलो. पण संशय हे आमचे हत्यार आम्ही काम झाल्यावर कपाटात ठेवतो, असे मी समजत होतो. या एका घरात ते मी विसरून आलो, आणि आता ते परत मागायला मला कोणत्याही कलमाखाली जाता येत नाही.